कोराडीपर्यंत

मालतीबाईंचा मला हेवा वाटायचा. वाटायचा असं लिहिलं म्हणजे आता वाटत नाही, असं कुणी समजू नये. आजही केंद्रात कुणी भांडण घेऊन येतं, खुर्चीवर टेकायच्या आधी इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "त्या मालतीबाई नाही का जी आज?" मी समोर बसलेली असते. भिंतीवर माझ्या नावाची पाटी असते, नावापुढे पदवी असते. मालतीबाई रायपूरला जाऊन राहिल्या, हेही वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी विचारतात.

ती पदवी फुकटात आलेली नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील शेतकरी, आई अंगठा लावणारी, दोन्ही भाऊ शाळेनंतर थांबलेले. मी समाजकार्याची पदवी घेतली, आणि वस्तीतल्या समाजभवनात मध्यस्थी केंद्र निघालं तेव्हा ते चालवायचं काम माझ्याकडे आलं. शेजाऱ्यांची, भाडेकरूंची, सासू-सुनांची रोजची भांडणं ठाण्यात आणि कोर्टात जाण्याआधी समोरासमोर बसून मिटावीत, एवढंच ते काम. मध्यस्थानं बाजू घ्यायची नाही, खोटं बोलायचं नाही, खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, कुणाचं काही खायचं-घ्यायचं नाही. हे नियम मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले होते. मालतीबाईंनी त्यातला एकही पाळला नाही.

त्यांच्या नवऱ्याचं गांधीबागेत साड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्या स्वतः गादीवर बसल्या, आणि गुडघे बोलायला लागल्यावर दुकान विकून आमच्याकडे आल्या. आल्या म्हणजे आपणहून आल्या. "मले घरी करमत नाही, आनि भांडन ऐकाची सवय हाय," असं म्हणाल्या. अंगानं भरलेल्या, नाकात खड्याची चमकी, अत्तराचा वास त्यांच्या आधी दारात. कधीच वेळेवर यायच्या नाहीत. आल्या की समोरच्या बाईच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून चोळायच्या. "कुठून घेतली वं? रंग जाईन याचा, मिठाच्या पान्यात बुडव पहिले." बाई रडत आलेली असायची, ती डोळे पुसून साडीचं सांगायला लागायची. हाताला सतत घडी घालायचा चाळा. कुणाचा टॉवेल, कालचा पेपर, माझी ओढणीसुद्धा. "भांडन तसंच घडी घालून ठेवलं ना, का घडीवरच फाटते," असं म्हणत माझी ओढणी घडी करून माझ्याच हातात द्यायच्या.

आम्ही दोघींनी प्रशिक्षण एकत्रच घेतलं. शिकवणाऱ्या सरांनी एकदा विचारलं, "दोन्ही बाजूंचं ऐकून झालं. आता काय कराल?" मी हात वर केला आणि पुस्तकात होतं ते बरोबर सांगितलं. सर म्हणाले, "छान." मग मालतीबाईंकडे वळले.

"मी तिसऱ्याचं ऐकीन," मालतीबाई म्हणाल्या.

"तिसरा कोण?"

"जो घरी बसून या दोघाले चावी भरून राहिला तो."

सगळा वर्ग हसला. सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. माझं नव्हतं लिहिलं.

अख्ख्या वस्तीशी त्यांची बोली एकच. बाई दिसली की वं, पुरुष दिसला की गा. नगरसेवकाला भर सभेत म्हणाल्या होत्या, "काय गा, नाली कवा करून राहिला?" फक्त मला मॅडम म्हणायच्या. "या मॅडम, बसा मॅडम, तुम्ही म्हनता तसं मॅडम." मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीपेक्षा उंच नव्हती, पण तेवढ्या एका शब्दापुरती उंच वाटायची.

कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, या एका गोष्टीत त्यांची सगळी विद्या होती, हे मला कूलरच्या भांडणात कळलं.

सविता आणि रेखा एका गल्लीत समोरासमोर राहायच्या. उन्हाळ्यात सवितानं कूलर लावला तो नेमका रेखाच्या घराकडे तोंड करून, आणि त्याचे शिंतोडे रेखाच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरोड्यांवर. कुरोड्यांना बुरशी आली. दोघी केंद्रात आल्या. मी दोघींचं नीट ऐकून घेतलं, मुद्दे काढले, समझोता लिहिला. कूलर दुसऱ्या खिडकीत जाईल, वाळवण छतावर जाईल. दोघी शांतपणे बोलत होत्या.

"तुम्ही म्हणता तर लावू ना आम्ही तिकडे."

"लावा तुम्ही. तुमचं घर हाय."

सह्या झाल्या. किती सभ्यपणे मिटलं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात मालतीबाई माझ्या कानाशी लागल्या.

"मॅडम, मिटलं नाही."

"सह्या झाल्या ना."

"सह्या झाल्या, पर दोघी तुम्ही-तुम्ही करून राहिल्या. कालपावतर अवं-तुवं होत्या."

मी काही बोलायच्या आत त्या रेखाकडे वळल्या आणि सरळ खोटं बोलल्या. "रेखा, सविता म्हने का तुह्या कुरोड्या तशाबी फुलत नाही वं."

"काय वं सवे!" रेखा खुर्चीवरून उठलीच. "मह्या कुरोड्या फुलत नाही? मंग तुह्या भावाच्या लग्नाले डबा भरून कोनं नेल्या होत्या वं?"

"मी कवा म्हटलं असं? तुहे कान तपासून घे!"

"तं कूलर काहून माह्या घराकडं लावला वं?"

"तुह्या पोरीची परीक्षा होती न वं भवाने! तुमचा कूलर बिघडला होता, ते पोरगी खिडकीत घामानं भिजून वाचून राहिली होती! तिच्यासाठी फिरोला मी!"

रेखा तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मालतीबाईंनी पदर सारखा केला. "झालं. चाय सांगा, मॅडम."

नंतर मी रागावले. मध्यस्थानं खोटं बोलायचं नसतं म्हणाले. त्या माझ्या समझोत्याच्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "मान्साले राग आला का तो पहिले तुम्हीवर जाते, मॅडम. जवळच्याले तुम्ही म्हटलं म्हंजे दार लावून घेतलं. आपन दार उघडाचं. आत काय भांडतीन ते भांडतीन." त्याच आठवड्यात त्यांच्या पिशवीत कुरोड्यांचा डबा दिसला. कूलर शेवटपर्यंत तिथंच राहिला, फक्त शिंतोड्यांसाठी सवितानं त्याला गोणपाट बांधलं. माझ्या समझोत्यात गोणपाट नव्हतं.

त्या कधी चुकल्या नाहीत असं नाही. चौकात तर्री-पोह्यांची गाडी लावणारे दोघे मित्र वेगळे व्हायला निघाले होते. दोघांनी ठरवूनच टाकलं होतं, वेगळं कसं व्हायचं तेवढं विचारत होते. मी म्हणाले, वेगळं होऊ द्या. मालतीबाई ऐकेनात. म्हणे गाडीवरच बसू, तिथं तोंडं सुटतील. सकाळी ऐन गर्दीत, ठेवणीतली रेशमी साडी नेसून त्या गाडीच्या बाकावर जाऊन बसल्या. तोंडं सुटली. दोघे तुम्हीवरून तूवर आले, तूवरून बापावर गेले, आणि बापावरून हातावर. तर्रीचं पातेलं कलंडलं ते मालतीबाईंच्या मांडीवर. नशीब, आच मंद होती. साडीवर छातीपासून पायापर्यंत लाल तेल, निऱ्यांत चणे.

"तूवर आनलं ना मी," त्या चणे झटकत म्हणाल्या. "पुढचं त्यायनं केलं."

आज त्या चौकात समोरासमोर दोन गाड्या लागतात. त्या दिवशी मी घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता माझ्या घराचं.

वडील धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेले. मोठा भाऊ शिवादादा खापरखेड्याला वीज केंद्रात कामाला, तिथून शहरात येताना मध्ये कोराडी लागतं; त्या दिवशी त्याची ड्यूटी होती आणि आत फोन नेता येत नाही. धाकटा गजू वडिलांजवळ होता. मी आईला धरून घरी. दवाखान्यात एकालाच बसू देत होते. वडील गेल्यावर गावाकडची मंडळी जमली आणि घाई करायला लागली, दिवस मावळायच्या आत उरका म्हणाली. गजूनं अग्नी दिला. शिवादादा घाटावर पोचला तेव्हा जाळ खाली बसला होता. तो गजूकडे बघून एवढंच म्हणाला, "तुम्ही उरकलं का?"

ज्याला खांद्यावर बसवून पोळा दाखवला, त्या भावाला तुम्ही.

त्यानंतर ते बोलले नाहीत. बोललेच तर तुम्ही. गजूही तसाच, "तुम्हाले वेळ नसन तं राहू द्या." वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा शिवादादानं आईला कळवलं, तो खापरखेड्याला वेगळं करणार. एका बापाचं दोन घरी श्राद्ध. आईनं जेवण टाकलं. मला म्हणाली, "तुहा बाप कोन्या घरी जेवाले येईन वं?"

मी प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. दोघांशी वेगवेगळं बोलले, शिकले तसं बोलले. गजू म्हणाला, "ताई, केंद्रातलं घरी नोको आनू." शिवादादा म्हणाला, "तू वस्तीची मॅडम हायस, वंदे. आमची नोको होऊ."

मग एके दिवशी आई म्हणाली, "त्या कूलरवालीले सांग न."

"कोणाला?"

"मालतीबाईले. ते करन."

"आई, मी आहे ना. माझंच केंद्र आहे ते."

"तू हायस वं. पर तू बोलाले लागली का मले परीक्षेत बसल्यावानी वाटते."

मी मालतीबाईंना सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मला माहीत. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "बरं, मॅडम," म्हणाल्या आणि टेबलावरच्या फडक्याची घडी घातली.

पक्षकारांचा नातेवाईक खोलीत बसणार नाही, हाही नियम माझाच. आईच्या शब्दाखातर दोघे भाऊ केंद्रात आले, तेव्हा त्या नियमानं मला पडद्याबाहेर बसवलं. स्टोव्हवर चहाचं आधण ठेवून मी कान देऊन होते.  मग मालतीबाईंचा आवाज, मॅडमचे भाऊ म्हणून गा सोडून जी, "हे शर्टाचं कापड कंपनीचं का जी?"

"हो," शिवादादा.

"चांगलं हाय. उसवलं खांद्यावर."

 मला वाटलं, संपलं. आता शर्टावर दुपार काढणार ही बाई.

मग त्या गजूला म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही होते, हे नव्हते. काय काय झालं ते ह्यायले कोनी सांगतलं का?"

गजू त्यांनाच काही सांगू लागला.

"मले नोका सांगू. ह्यायले सांगा."

गजूचा आवाज आला तो फाटका. "सकाळी बाबानं चाय मागतला. नर्सनं देऊ नाही देला. दुपारपासून एकच विचारे, शिवा कुठं पोचला? फोन तं लागेच ना तुमचा. मी म्हटलं, निघाला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. म्हटलं, गेटच्या बाहेर पडला. मंग पुन्हा. म्हटलं, कोराडीपर्यंत आला." थांबला. "मंग जितके डाव विचारलं, मी कोराडीच म्हनो. पुढं कसं आनू तुम्हाले? पुढं आनलं असतं तं दारात दिसाले पाहिजे होते. मी आपला तुम्हाले कोराडीलेच उभं करून ठेवलं."

आधण उकळून वर आलं. मी हलले नाही.

"मंग?" हा शिवादादा.

"मंग काही नाही. बाबा म्हने, कोराडीले ट्रॅफिक असन. आनि डोळे मिटले."

बाहेर कुणाची तरी स्कूटी गेली. आत कुणी तरी खुर्ची मागे सरकवली. आणि माझ्या मोठ्या भावाचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा.

"कोराडीले कुठं ट्रॅफिक राह्यते गा, गजू?"

गा.

त्यानंतरचं मला ऐकू आलं नाही, कारण दोघांचं रडणं एकात एक मिसळलं होतं. मालतीबाई पडदा सारून बाहेर आल्या, स्टोव्ह बंद केला. "चाय उतू गेला, मॅडम."

माझे भाऊ बोलायला लागले म्हणून मी देवापुढे दिवा लावला, हे खरं आहे. पण जे आजही दुखतं तेही लिहिते. माझ्या बापाचं शेवटचं बोलणं मी पडद्याआडून ऐकलं, आणि ते एका परक्या बाईनं शर्टाची चौकशी करत करत बाहेर काढलं. मी तितके दिवस त्याच गजूला विचारत होते, तुला काय वाटलं, तुला कसं वाटलं. काय झालं, हे मी विचारलं नव्हतं.

श्राद्ध एकच झालं, गजूच्या घरी. दोघांनी मिळून पान वाढलं, दोघांनी मिळून वर ठेवलं. कावळा लवकर येईना तेव्हा शिवादादा हळूच म्हणाला, "कोराडीले अडकला असन," आणि आई पदरात तोंड घालून हसली, वर्षभरात पहिल्यांदा. जेवणाचं पहिलं ताट आईनं मालतीबाईंना वाढलं. पाटोड्या त्यांच्या ताटात जास्त होत्या. मी बघितलं.

आणि मग मालतीबाईंनी काय करावं? तो शब्द उचलला. केंद्रात एखादं भांडण मिटायला आलं, पण अजून पुरतं मिटलं नाही, की त्या मला खूण करायच्या, "कोराडीपर्यंत आले, मॅडम." लोकांना अर्थ ठाऊक नव्हता, तरी लोकही म्हणायला लागले. सासू-सुनांचं काय झालं? आल्या कोराडीपर्यंत. मी एक दिवस त्यांना बाजूला घेतलं.

"मालतीबाई, खोलीतलं बाहेर न्यायचं नसतं. माझे वडील आहेत ते."

 "चुकलं, मॅडम," म्हणाल्या. चमकीचं नाक थोडं लाल झालं होतं. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तो शब्द काढला नाही.

हे मी आईला सांगितलं. आई मेथी निवडत होती. "अख्ख्या वस्तीले वं म्हनते थे," ती म्हणाली, "तुले कशी मॅडम म्हनते?"

"मान देतात."

"मान देते का भांडून राहिली?" आईनं एक पिवळं पान काढून टाकलं. "तिच्याच हिशोबानं म्हनून राहिली मी."

मी जुडी पुढे ओढून मेथी निवडायला लागले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मॅडम म्हणाल्या की तो शब्द मला पूर्वीसारखा उंच वाटेना. दार बंद असल्यासारखा वाटायचा. आणि कडी कुठल्या बाजूनं होती, ते मला माहीत होतं. मी तरी त्यांना कधी तुम्हीखेरीज काय म्हटलं होतं?

गुडघे अगदीच थकले तेव्हा मुलानं त्यांना रायपूरला बोलावून घेतलं. मुलगा पुढे सामान घेऊन गेला होता. मालतीबाई मागाहून सकाळच्या बसनं निघाल्या. वस्तीतल्या बायकांनी आदल्या दिवशीच त्यांना साडी-चोळी करून निरोप दिला होता. मी तिथं गेले नाही, काम होतं. सकाळी आईनं मुंगवड्यांचा डबा हातात दिला. "पोचवून दे. मी कवाच्या वाळवल्या तिच्यासाठी." मला आईनं आजवर कधी मुंगवड्या वेगळ्या काढून ठेवलेल्या नाहीत.

स्टँडवर पोचले तर त्या खिडकीत बसलेल्या. ती खिडकी खरं तर शेजारच्या माणसाची होती, हे तोच मला सांगत होता. तो त्यांची पिशवी वर ठेवत होता आणि हसत होता. बस सुरू झाली होती. मी डबा खिडकीतून दिला. मालतीबाईंनी झाकण उघडून वास घेतला.

"आईले सांगजा, मॅडम, गुडघे असते तं घरी येऊन गेली असती. केंद्र सांभाळजा तुम्ही."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. वाटेत जुळवून आणलं होतं, तुमच्या कार्याची उणीव भासेल वगैरे. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बस हलली. मी खिडकीबरोबर दोन पावलं चालले आणि तोंडातून निघालं ते असं निघालं:

"पायले तेल लावत जाय वं. आनि पोचली का फोन कर मले."

त्यांनी डब्याचं झाकण लावता लावता हात थांबवला. मग डोकं खिडकीबाहेर काढलं, चमकीवर ऊन पडलं, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या,

"कोराडीपर्यंत आली वं तू!"

मागच्या सीटवरचा माणूस घाबरून उठला. "मावशी, हे गाडी कोराडीवरून नाही जात. भंडाऱ्याकडून जाते."

"तुले काय करा लागते गा," मालतीबाई त्याला म्हणाल्या, आणि गाडी वळली.